हळदगौरीच्या तीन ओंजळी

ऐका, हळदगौरी, तुमची कहाणी. आटपाट पेठ होती. पेठेला नदी होती, नदीकाठी हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणावं, हळद भरावी, तोंड मातीनं लिंपावं. तिथं मल्लाप्पाशेट व्यापारी होता. त्याची बायको नीलव्वा, त्याची लेक बकुळा. बकुळेचं लग्न ठरलं होतं.

त्या साली हळदीचा भाव चढला. सकाळी पेव घ्यावं, दुपारी विकावं, संध्याकाळी चढ्या भावानं परत घ्यावं. मग तांबटानं हातोडी टाकली, पेव घेतलं. न्हाव्यानं वस्तरा टाकला, पेव घेतलं. तोंड कुणी उघडीना, आत कुणी बघेना. घरोघर आमटी पांढरी झाली.

नीलव्वा म्हणाली, लेकीला हळद लावायची आहे, पेव उघडा. शेट म्हणाला, उद्या. दुसऱ्यांदा म्हणाली, शेट म्हणाला, परवा. तिसऱ्यांदा म्हणाली, तर म्हणाला, डाळीचं पीठ लावा, तेही पिवळंच असतं. बकुळा रडू लागली. नीलव्वा घाटावर जाऊन रडत बसली.

तिथं एक म्हातारी सवाशीण आली. “बाई बाई, का रडतेस?” नीलव्वानं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, “हळदगौरीचा वसा घे. शुक्रवारी पेव उघडावं, वारा खाऊ द्यावा. दिवा आत सोडावा, तेवत राहिला तर माणूस उतरवावा. पहिली ओंजळ गौरीला, दुसरी लेकीला, तिसरी दारी येईल तिला. भाव सांगू नये, उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये.”

मग शुक्रवार आला. नीलव्वानं हमाल बोलावले, पेव उघडलं. दिवा तेवत राहिला. हळद अशी निघाली की नदीकाठभर वास सुटला. शेट धावत आला, कपाळ बडवू लागला. उघडलं पेव सर्द होतं, ठेवता येत नाही. घरापुरती पोती ठेवून बाकीची हळद त्यानं परगावच्या व्यापाऱ्याला विकली. पेठ हसली, बायकोनं शेटाला बुडवलं म्हणाली.

मग बाकीच्यांना वाटलं, आपलंही बघावं. एकाचं उघडलं, आत पाणी. दुसऱ्याचं उघडलं, आत कीड. तिसऱ्याचं उघडलं, आत काहीच नाही. ते रिकामं पेव हंगामभर विकलं जात होतं. सगळे विकायला धावले, घेणारा मिळेना. पेवांचा भाव धाडकन पडला. एकटा मल्लाप्पा तरला. घरी येऊन बायकोला म्हणाला, “नीलव्वा, मी मातलो होतो.” ती म्हणाली, “पाट मांडा, लेक खोळंबली आहे.”

पहिली ओंजळ गौरीला वाहिली, दुसरीनं बकुळेला हळद लागली. गाणी झाली, आनंदीआनंद झाला. इतक्यात दारी तांबटीण आली, न्हावीण आली, हसलेल्या घरच्या साऱ्या आल्या. त्यांच्याही लेकी लग्नाच्या होत्या, घरी चिमूटभर हळद नव्हती. कुणी पायरी चढेना. तांबटीण खाली मान घालून म्हणाली, “नीलव्वा, भाव काय लावशील?”

नीलव्वाला भरून आलं. म्हणाली, “पदर पसर, बाई.”

मल्लाप्पाशेट उठला, पोतं ओढून दारात आणलं, स्वतःच्या हातानं तोंड सोडलं.

नीलव्वाला हळदगौरी पावली, तशी तुम्हां आम्हां पावो, घरोघरच्या लेकी पिवळ्या होवोत. साठां बोलांची ही कहाणी पांचा बोलांत सांगितली, ऐकणारीला सुफळ झाली, इथं संपूर्ण झाली.