बर्फातली रम

“सुभेदार, तुम्हाला अजून तुमच्या चवीची रम सापडली नाही म्हणता?”

सन १९८८. मार्गशीर्षातली थंडी. उस्ताद गेनबा शेडगे अंगणात ऊन खात बसले होते. पलटणीच्या लंगरात, म्हणजे भटारखान्यात, त्यांनी वीस वर्षं रम वाटली होती. समोर बसलेला रंगराव बाबर त्यांच्या हातची रम पिऊन शिपायाचा सुभेदार झाला होता.

“नाही सापडली, उस्ताद. पंचवीस वर्षं शोधतोय. गोव्याची झाली, जावयानं बोटीवरून आणलेली झाली. एक नुसती गोड, एक जळकी. सरहद्दीच्या चौकीवर बर्फात तुम्ही पाजली तशी एकही नाही. कुठली होती ती?”

“बाटल्या आणल्यात?”

“तीन.”

“ओत.”

रंगरावानं तिन्ही उघडल्या आणि आधी आपल्या मगात ओतली.

“लंगरात वाटणारा कधी प्यायचा?”

“...शेवटी.”

रंगरावानं मान खाली घातली. दुसरा मग भरून पुढं केला.

उस्तादांनी हात उचलला. अर्धांगानं गेलेला हात. हातातला मग दगडावर खडखडला, थोडी सांडली.

रंगराव उठला. सुभेदारकी विसरून गुडघ्यावर बसला. तो मग त्यांच्या ओठाला लावला. एक घोट. थांबला. दुसरा घोट. हनुवटीवरचा ओघळ आपल्या मफलरनं पुसला.

पुसता पुसता त्याचा हात थबकला.

चौकीवर थंडीनं त्याची बोटं लाकडासारखी झाली होती. तेव्हा उस्तादांनी असाच मग धरला होता. त्यांचा स्वतःचा मग शेजारच्या खोक्यावर पालथा होता. ज्याचा वाटा पिऊन झाला, त्यानं मग पालथा घालायचा, ही पलटणीची रीत.

“उस्ताद... त्या दिवशी रम तळाला गेली होती. तुम्ही प्याला होतात ना?”

उस्ताद समोरच्या डोंगराकडं बघत राहिले.

“तुमचा मग पालथा होता.”

“बर्फ पडत होता. उताणा ठेवला असता तर भरला असता.”

रंगरावानं हातातल्या मगात पाहिलं.

“रंगा, उरलीय ती घे.”

त्यानं त्याच मगातून घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

“कशी आहे?”

“...तीच आहे.”

“कुठल्या बाटलीतली?”

रंगरावानं वळून पाहिलं. तिन्ही बाटल्या उघड्या होत्या. कुठली ओतली, ते त्याला आठवेना.

उस्ताद हसले. चांगल्या हातानं त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

“आता पालथा घाल.”