बकेट, सॉरी आणि शटअपतात्या

फार जुन्या काळी (किती जुन्या ते विचारू नका, मला ज्यांनी ही गोष्ट सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं) समुद्राकाठी एक लहानसं गाव होतं. गावातली माणसं साधी, कष्टाळू, मासे मारून पोट भरणारी. पण त्यांची नावं ऐकलीत तर पोट धरून हसाल. हसा खुशाल, मी अडवत नाही. फक्त गोष्ट संपेपर्यंत उठू नका.

त्या गावात मुलं जगत नसत. लोक म्हणत, यमाचा दूत दारात येतो, नावानं हाक मारतो आणि मूल घेऊन जातो. मग कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, दूताला उच्चारताच येणार नाही असं नाव ठेवलं तर? बंदरात गोडं पाणी भरायला दूरदेशीची जहाजं येत. मूल झालं की बाप जहाजावर जाई आणि खलाशाच्या तोंडून जो पहिला शब्द निघेल, तोच मुलाचं नाव म्हणून घरी आणी. एकदा ठेवलेलं नाव पुन्हा कुणाला ठेवायचं नाही, कारण तोवर दूत ते शिकला असणार.

म्हणून गावात एक बिस्किट होती, एक ऑक्टोबर होता. एकाच्या बापाच्या पायावर खलाशानं चुकून पाय दिला, म्हणून तो सॉरी. आणि ज्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे ते गावप्रमुख होते शटअपतात्या. त्यांच्या वडिलांना प्रश्न फार विचारायची खोड होती म्हणे. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं.

आपल्या गोष्टीतली बाई म्हणजे बकेट. चाळिशीची, दणकट, खणखणीत गळ्याची. तिच्या आधी तिच्या आईची चार मुलं गेली होती. पाचवी ही राहिली.

आता त्या बंदराचं सांगतो. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली अकरा खडक होते. धुकं पडलं की हाताला हात दिसत नसे. अशा वेळी जहाज आलं की गावातल्या अकरा होड्या अकरा खडकांपाशी उभ्या राहत आणि प्रत्येक होडीतलं माणूस आपापलं नाव मोठ्यानं ओरडत राही. ‘बकेटला डावीकडे टाक, शटअपपाशी वळ, सॉरीला चिकटून जा’ असा सगळा रस्ता जहाज हाकणाऱ्या तांडेलांना पाठ होता. बकेटचा खडक सगळ्यात बाहेरचा. तिथे आधी तिचे वडील उभे राहत, मग ती.

एके दिवशी राजाचा दिवाण गाव बघायला आला. मोठा विद्वान माणूस, दूरदेशीची भाषाही शिकलेला. त्यानं एकेकाला नाव विचारलं आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो एकदम रागावला.

“अहो, तुमच्या गावप्रमुखाच्या नावाचा अर्थ ‘गप्प बस’ असा आहे. आणि ही बाई बादली. आमच्या राज्याची काही अब्रू आहे की नाही?”

त्यानं जागच्या जागी यादी लिहिली. पुरुषांसाठी गुणवंत, जयवंत, कीर्तिवंत. बायकांसाठी सुमंगला, सुलक्षणा, सुशीला. सहा नावांत सबंध गाव बसवलं. जो नाव बदलणार नाही त्याची होडी जप्त.

होडी गेली तर खायचं काय? लोकांनी माना खाली घातल्या. शटअपतात्या गुणवंत झाले. सॉरीही गुणवंत झाला. बिस्किट सुमंगला झाली. बकेटची पाळी आली.

“मी सुमंगला होणार नाही,” ती म्हणाली.

“का गं? बादली म्हणवून घेण्यात एवढं काय सुख आहे?”

“दिवाणजी, आईनं माझ्या आधी चार पोरं पुरली. मग हे नाव ठेवून मला जगवलं. ती जाताना याच नावानं मला हाक मारून गेली. ते टाकून मी तुमचं कुठे घेऊ?”

पण यादी यादीच होती. बकेटची होडी वाळूवर ओढून ठेवली, तिच्यापाशी एक शिपाई बसवला आणि बाहेरच्या खडकावर दुसरीच एक सुमंगला नेमली. गावातले काही तर बकेटलाच बोलले, की एवढा हेका कशाला. तिला ते फार लागलं. पण तिनं नाव सोडलं नाही.

महिन्याभरानं दिवाण सुधारलेलं गाव दाखवायला खुद्द राजाला घेऊन आला. सकाळची वेळ होती आणि धुकं दाट पडलं होतं. अकरा होड्या आपापल्या खडकांपाशी गेल्या. राजाचं जहाज तोंडाशी आलं आणि धुक्यातून हाका सुरू झाल्या.

“सुमंगला!”

“गुणवंत!”

“गुणवंत!”

“सुमंगला!”

म्हातारा तांडेल गोंधळून गेला. चारही बाजूंनी गुणवंत ओरडत होते. वळायचं कुठल्या गुणवंतापाशी? जहाजाचं बूड एका खडकाला खरवडलं. तांडेलानं नांगर टाकला, पण भरतीचं पाणी जहाजाला नांगरासकट आत ओढत होतं.

लाकूड खरवडल्याचा आवाज किनाऱ्यावर बकेटनं ऐकला. ती धावत आपल्या होडीपाशी गेली. शिपाई आडवा आला.

“दिवाणजींचा हुकूम आहे, बाई.”

“दिवाणजी त्याच जहाजावर आहेत. धर ते टोक.”

शिपायानं मुकाट्यानं टोक धरलं. दोघांनी होडी पाण्यात लोटली. बकेटनं असं वल्हवलं की तळहात सोलून निघाले. बाहेरच्या खडकापाशी पोचताच तिनं तिथल्या सुमंगलेला होडी मागे घ्यायला लावली, छातीत मावेल तेवढा श्वास घेतला आणि आपलं नाव ओरडली.

“बकेट!”

जहाजाच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, दिवाण उभा होता. त्यानं हाक ऐकली. मागे सुकाणूवर बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलाला बाकीच्या हाकांच्या गलक्यात ती ऐकू गेली नव्हती. दिवाण कळवळून मागे ओरडला, “बकेट! बकेट आली आहे!”

“मग डावीकडे टाका तिला,” तांडेल म्हणाला. “नांगर उचला. पुढचा कोण?”

पुढच्या होडीत म्हातारे गावप्रमुख होते. बकेटची हाक कानी आली आणि त्यांचा ऊर भरून आला. एक महिना आपण दुसऱ्याचंच नाव वागवतोय, असं त्यांना वाटलं. त्यांनी वल्हं आपटलं आणि सगळा जीव गळ्यात आणून ओरडले, “शटअप!”

“शटअप!” दिवाण मागे ओरडला.

“वळवा. पुढे?”

“सॉरी!”

मग धुक्यातून एकेक नाव उठलं. बिस्किट ओरडली, ऑक्टोबर ओरडला. अकरा होड्या, अकरा नावं, एकासारखं दुसरं नाही. आणि जी नावं पुसायला दिवाण आला होता, तीच तो घसा फुटेस्तोवर तांडेलाला सांगत राहिला. जहाज वळणावळणानं आत आलं आणि शांत पाण्यात उभं राहिलं. किनाऱ्यावर पोरंबाळं नाचायला लागली, बायका रडत हसत होत्या.

राजा उतरला. त्यानं अकराही जणांना समोर बोलावून नावं विचारली. प्रत्येकानं ताठ मानेनं सांगितलं. दिवाणानं बकेटपुढे हात जोडले.

“बाई, मला अर्थ तेवढा ठाऊक होता,” तो म्हणाला. “बाकीचं काहीच ठाऊक नव्हतं.”

राजानं बकेटला साऱ्या बंदराची मुख्य केलं. दिवाणाला सांगितलं, राज्याच्या नकाशावर त्या अकरा खडकांची नावं स्वतःच्या हातानं लिहा आणि भर दरबारात वाचून दाखवा. दिवाणानं बकेटपासून सुरुवात करून सगळी नावं वाचली. दरबारात एकही माणूस हसला नाही, आणि शेवटचं नाव वाचून होताच राजासकट सगळे उठून उभे राहिले.

बोध: कुणाच्याही नावाला हसू नये, कारण त्या नावामागे कुणाची तरी माया उभी असते.