रानातला कोण?

फार वर्षांपूर्वी, झाडाझुडपांना वाचा होती तेव्हा, एका शेतात मांडवावर वाल चढला होता आणि कुंपणावर रानवाल. दोघे एकाच कुळातले. पण मालकीण हौसाबाई विळा घेऊन आली तेव्हा वाल म्हणाला, "बाई, त्या रानट्याला मुळासकट काढा. रानातला तो, त्याचं इथं काय काम?"

रानवाल संतापला. "बाई, घरून निघताना शेजारणीला काय सांगून आलात?"

"रानात चालले म्हणून. शेताला आम्ही रानच म्हणतो की!"

"ऐकलंस रे मांडवावरच्या? तूही रानातलाच! तुझ्या पणज्याला माणसांनी असल्याच कुंपणावरून उचललं. उभं राहायला मांडव लागतो तुला, आणि मला रानटी म्हणतोस?"

"खरं आहे तुझं," हौसाबाई म्हणाली, "पण कुंपण साफ करायचंय मला." तिनं वेल उपटला. रागानं त्याच्या वाळक्या शेंगा तडातड फुटल्या आणि बी मांडवाखाली उडालं. तिथंच तिनं वालाचं नवं बी टोकलं होतं.

आठवड्यानं कोंब वर आले. खुरपं घेऊन बसत तिनं विचारलं, "यातले तुझे कुठले रे?"

वाल वाकून बघत राहिला. त्यालाही ओळखता येईना.