वेदीवरची चांदीची फुलं

खाडीकाठच्या एका गावात एक लहानसं कौलारू चर्च होतं. गाव भाजीपाला पिकवणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं. चर्चमध्ये ना संगमरवर, ना झुंबर. वेदीवर मात्र रोज ताजी फुलं असत. घरोघरची पाळी ठरलेली. ज्याच्या वाडीत जे फुलेल ते त्याने आणायचं. कधी मोगरा, कधी झेंडू, काहीच नसलं तर नुसती तुळस. एखाद्या सकाळी फुलं आली नाहीत, तर मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, संपताच कुणीतरी त्या घरी डोकावून येई. तिथे आजारपण आहे की भांडण, ते लगेच कळे.

बस्त्याव शेट गावचाच, पण शहरात जाऊन गबर झालेला. एकदा तो चांदीच्या फुलांचे दोन मोठे गुच्छ घेऊन आला. म्हणाला, "देवापुढे हा पालापाचोळा काय ठेवता? ही फुलं कधी कोमेजायची नाहीत." लोक हरखले. फादर सिमांव जरा घुटमळले, पण शेटला नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. मला विचाराल तर, न मागता मिळालेलं दान दोनदा उलटून पाहावं. पण मला कोण विचारतो!

फुलांची पाळी बंद झाली. सदा उघड्या दाराला कुलूप लागलं. एक किल्ली शेटकडे, दुसरी कारभारी इनासकडे. चांदीच्या पाठोपाठ संशयही आत आला. प्रार्थनेला बसलेली माणसं डोळे मिटेनात. शेजाऱ्याचे हात कुठे आहेत, यावरच त्यांची नजर.

आणि एका रविवारी गुच्छातलं एक फूल नाहीसं झालं.

कुजबुज सुरू झाली. गावाच्या टोकाला रेजिनाबाय नावाची विधवा म्हातारी एकटी राहत असे. मिस्सा संपल्यावरही ती मागे बसून राहायची. गेले काही दिवस ती फिरकलीच नव्हती.

"चोराच्या मनात चांदणं!" इनास म्हणाला. "म्हणूनच तोंड दाखवत नाही."

झडती घ्यायला पाच-सहा जण निघाले. तिची पेटी फोडायला इनासने पहार घेतली.

दार नुसतं लोटलेलं होतं. रेजिनाबाय मोरीपाशी पडली होती. पाय मोडलेला, अंगात ताप, ओठ सुकून गेलेले. माणसं पाहून तिचे डोळे भरून आले.

"आलात, बाबांनो? मला ठाऊक होतं. माझी फुलं पोचली नाहीत म्हणजे तुम्ही चौकशीला येणारच."

पाळी बंद झाल्याचं तापात ती विसरली होती. इनासने पहार पाठीमागे लपवली.

तिला खाटेसकट उचलून दवाखान्यात नेलं. ती वाचली, पण पुन्हा चालली नाही. त्याच दिवशी संध्याकाळी शेट हसत हसत आला. हरवलेलं फूल त्याच्याच हातात होतं.

"सोनाराकडे नेलं होतं," तो म्हणाला. "देठावर माझं नाव कोरायचं राहिलं होतं."

फादर सिमांव यांनी दोन्ही गुच्छ उचलून त्याच्या हातात दिले. "घेऊन जा, शेट. देवाला दागिना मिळाला, पण त्यापायी आमची म्हातारी मरता मरता वाचली."

तात्पर्य: ज्या सजावटीला राखण लागते, ती माणसांना एकमेकांवर पहारा करायला लावते. देवाचं घर साधं असलं तरी चालेल, शेजाऱ्याची विचारपूस थांबता कामा नये.