शिशाच्या दोन वड्या

"हाच का? त्या निळ्यात काय खोट आहे?"

डायव्हिंग शिकवणाऱ्या तातू खवणेकरांनी पाण्याखाली घालायचे दोन्ही मास्क पुढ्यात ओढले. निळा मास्क उचलला, पट्टा न लावता उकिडव्यांच्या तोंडावर ठेवला आणि म्हणाले, "नाकान श्वास वर ओढ."

उकिडव्यांनी ओढला. तातूंनी हात काढला. मास्क खाली पडला.

मग साधा काळा मास्क ठेवला. हात काढला, तरी तो चिकटून राहिला.

"ह्यो तुझो," तातू म्हणाले.

श्रीरंग उकिडव्यांचं समाधान झालं नाही. ते सहजासहजी होत नसे. सत्तावीस वर्षं त्यांनी विमा कंपन्यांसाठी सर्व्हे केले होते. गोदाम जळलं म्हणतात ते खरंच जळलं का, ट्रॉलर बुडाला म्हणतात तो बुडाला की बुडवला, हे शोधण्यात हयात गेलेली. सांगलीत त्यांची ख्याती अशी की उकिडवे चहात साखर घातली का हेसुद्धा दोन साक्षीदारांना विचारून घेतात.

"हा मिळतो कुठे?"

"मालवणात. बाजारात एकच दुकान हा."

"दुकानदार तुमचा कोण?"

"साडू."

उकिडव्यांच्या भुवया वर गेल्या. "मी विचारलं नसतं तर सांगितलं असतंत?"

"नाय."

"का?"

"तू मास्क घेऊक इलंस. सोयरीक जुळवूक नाय."

हे सगळं कशासाठी, तर केतकीसाठी. उकिडव्यांची एकुलती एक मुलगी. गेली दोन वर्षं ती या किनाऱ्यावर प्रवाळांचा अभ्यास करत होती, म्हणजे समुद्राच्या तळाशी जाऊन दगडासारख्या दिसणाऱ्या जिवांची मापं घेत होती. ही काय नोकरी झाली, असं उकिडवे दर फोनवर म्हणत. गुरुवारी तिची इथली शेवटची बोट होती. त्यानंतर तिला लक्षद्वीपला जायचं होतं, तीन वर्षांसाठी. बोटीवर बापासाठी जागा होती, पण खाली कोणी उतरायचं ते तातू ठरवणार होते. तातूंचा शब्द तिथे शेवटचा होता आणि उकिडव्यांना नेमका तोच बोचत होता.

आता सोमवार संपत आला होता.

"शिसं किती लावायचं?" उकिडव्यांनी विचारलं. डायव्हिंगचा रबरी सूट माणसाला वर ढकलतो. खाली जायला कमरेच्या पट्ट्यात शिशाच्या वड्या ओवाव्या लागतात, एकेक किलोच्या.

"पाच."

"मी वाचलंय. माझ्या वजनाला आठ तरी लागतात."

"पाच."

तातू पट्टा ओवायला वळले. पाठ फिरलेली पाहून उकिडव्यांनी पेटीतल्या दोन वड्या उचलल्या आणि पाण्यात घालायच्या, हवा भरता-सोडता येणाऱ्या स्वतःच्या जॅकेटच्या खिशात सारल्या. त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. जीव आपला आहे, आपणच बघायला हवं, असं ते मनाशी म्हणाले.

मंगळवारी सकाळी ते पाण्यात उतरले आणि धोंड्यासारखे तळाला गेले. वाळूचा ढग उठला. घाबरून त्यांनी जॅकेटमध्ये हवा भरली, तर बुचासारखे वर आले. हवा सोडली, पुन्हा वाळूत. जी हवा तातूंना तासभर पुरते ती त्यांनी वीस मिनिटांत संपवली आणि धापा टाकत किनाऱ्याला लागले.

तातू पुळणीच्या वाळूत चवड्यांवर बसले होते. त्यांनी खिसे तपासले नाहीत की काही विचारलंही नाही.

"गुरुवारी खाली वाळू नाय," एवढंच म्हणाले. "प्रवाळाचो खडक हा. तुझी पोर तेका बोटसुदा लावणा नाय."

उकिडवे चिडले. पोर बोट लावत नाही आणि बाप वर बसणार, असं आधीच ठरलेलं दिसतंय, त्यांना वाटलं. केतकीनंच तर सांगून ठेवलं नसेल?… 

बुधवारी सकाळी त्यांनी सिलिंडर पाठीवर चढवला आणि सवयीनं काटा पाहिला. हवेचा दाब दोनशेवर असायला पाहिजे, तो पन्नासवर होता.

"तातू, हे काय? सिलिंडर रिकामा आहे!"

"जवळजवळ."

"माझ्याशी असा खेळ? हवा वाचवताय की मला घाबरवून परत पाठवताय?"

"डाय संपत इली काय सिलिंडर हलको जाता. वर येताना तुझां वजन किती ता आज बघूचा हा. चल."

'डाय' म्हणजे बुडी, हे उकिडव्यांना कळलं. बाकीचंही पुस्तकात वाचलेलं त्यांना आठवलं, पण आठवल्याचं त्यांनी कबूल केलं नाही.

खडकांच्या आडोशाला पाणी संथ होतं, दीड पुरुष खोल. दोघं उभे तरंगत राहिले. "जॅकेटातली हवा सोड," तातू म्हणाले. "श्वासाची नळी हातात ठेव, पाय मारू नको."

उकिडव्यांनी हवा सोडली. आणि छाती फुगवून श्वास धरून ठेवला. हनुवटी पाण्याच्या वरच राहिली.

"बघा!" ते दातांतून म्हणाले. "बुडत नाही. शिसं कमी पडतंय."

तातू जवळ आले. त्यांनी उकिडव्यांच्या जॅकेटच्या खिशात हात घातला, दोन्ही वड्या काढल्या, उकिडव्यांना दाखवल्या आणि सोडून दिल्या.

दोघांनी खाली पाहिलं. वड्या तळाशी टेकल्या.

"तेंका जाऊचां होतां. गेल्यो," तातू म्हणाले. "तुका खंय जाऊचां हा?"

उकिडव्यांचे कान लाल झाले. चोरी पकडायचा धंदा केलेला माणूस स्वतः पकडला गेला होता. "तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लपवलंस. म्हटलां, सांगूचां काम पण तुझांच, तुका करूंदे."

लाट आली, दोघांना उचलून गेली. उकिडव्यांनी पुन्हा श्वास धरला.

"कित्याक इलंस रे हय?" तातूंनी कारण विचारलं. आवाज अगदी घरातल्यासारखा होता.

उकिडव्यांचा बांध फुटला आणि ते एका दमात बोलत सुटले. "ती म्हणाली बाबा तुम्ही येऊ नका, तुम्ही काही बघायला येत नाही, तुम्ही चूक शोधायला येता, दहावीला विचारलंत एवढे मार्क कसे पडले, नोकरी लागली तर विचारलंत ओळख कोणाची, आता खाली येऊनही तेच कराल, आणि तातू, ती खरं बोलली हो, मी तसाच आहे, मला तिचं काहीच कधी नुसतं बघता आलं नाही, आणि आता ती चालली…"

छातीत श्वास उरला नाही. पाणी हनुवटीला लागलं, ओठांना लागलं, डोळ्यांवरून गेलं.

तातूंनी त्यांच्या हातातली नळी त्यांच्या तोंडात दिली आणि मनगट धरलं.

उकिडवे सावकाश खाली गेले. वाळू उठली नाही. तळापासून हातभर वर ते अलगद थांबले. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. समोरून पिवळ्या पट्ट्यांचा एक मासा गेला. तो कुठून आला, कुठे निघाला, कोणाचा कोण, हे विचारायची सोय नव्हती. उकिडवे त्याच्याकडे बघत राहिले. मास्कमध्ये डोळ्यांचं पाणी साचलं, ते त्यांनी साचू दिलं.

दोघं वर आले. तातूंनी बुडी मारून दोन्ही वड्या काढून आणल्या.

"उद्या साडेसहाक बोट सुटतली," ते म्हणाले. "पाच किलो लाव."

उकिडव्यांना हायसं वाटलं. पण स्वभाव एका सकाळीत जात नाही. पुळणीवर पोचेपर्यंत त्यांना नवी शंका आली.

"तातू, पण खाली तर बोलता येत नाही. तिला काही विचारायचं झालं तर?"

तातू पायातले रबरी फिन्स खांद्यावर टाकून पुढे निघाले होते. ते थांबले, पण वळले नाहीत.

"म्हणान तर तुका न्हेतंय."