मीकाचा कडक कडक पाव

दूर समुद्राकाठी कातालोनिया नावाचा मुलूख आहे. तिथल्या रोझर आजीच्या स्वयंपाकघरात मीका राहायची. मीका म्हणजे उंदरीण. एवढीश्शी! पण चौकस केवढी! जिथंतिथं नाक खुपसायची.

एकदा आजीनं तिला पावाचा तुकडा दिला. मऊ मऊ. मीका खायला बसली, तेवढ्यात दिसली गोगलगाय. कुठं बरं चालली ही? मीका आपली बघतच बसली. इकडे पाव उन्हात वाळला. चावायला गेली, तर कट्ट! दातच दुखला. मीकाला रडू आलं. भूक तर मोठ्ठी लागलेली!

"पावा, पावा, मऊ हो ना!"

पाव म्हणाला, "टोमॅटो चोळ, मग होतो."

मीका निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. टोमॅटो छताला टांगलेला. थंडीभर टिकावा म्हणून तिथं असाच दोरीला बांधतात.

"टोमॅटोदादा, टोमॅटोदादा,
पाव वाळला कडक कडक.
पाव म्हणतो, टोमॅटो हवा.
खाली ये ना!"

"कसा येऊ? आजीनं काढलं, तरच येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजी, आजी,
पाव वाळला कडक कडक.
पाव म्हणतो, टोमॅटो हवा.
टोमॅटो म्हणतो, आजी हवी.
टोमॅटो काढ ना!"

"आणि तेल गं? तेलाशिवाय पाव-टोमॅटो? छे छे छे! आमच्यात नाही बाई चालत. घाणा तेल देईल, तरच काढीन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"घाणोबा, घाणोबा,
पाव वाळला कडक कडक.
पाव म्हणतो, टोमॅटो हवा.
टोमॅटो म्हणतो, आजी हवी.
आजी म्हणते, तेल हवं.
तेल दे ना!"

"कुठून देऊ? पोट रिकामं माझं! झाडानं ऑलिव्हची फळं दिली, तरच देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"झाडोबा, झाडोबा,
पाव वाळला कडक कडक.
पाव म्हणतो, टोमॅटो हवा.
टोमॅटो म्हणतो, आजी हवी.
आजी म्हणते, तेल हवं.
घाणा म्हणतो, फळं हवीत.
फळं टाक ना!"

"मला का हात आहेत? वाऱ्यानं हलवलं, तरच टाकीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. दमली बिचारी. वारा टेकडीमागे घोरत होता. घुर्र, घुर्र.

"वारोबा, वारोबा,
पाव वाळला कडक कडक.
पाव म्हणतो, टोमॅटो हवा.
टोमॅटो म्हणतो, आजी हवी.
आजी म्हणते, तेल हवं.
घाणा म्हणतो, फळं हवीत.
झाड म्हणतं, वारा हवा.
ऊठ ना!"

वारा म्हणाला, "मला काय त्याचं? मला दातच नाहीत!"

मीकानं त्याच्याकडे नीट पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"पण नाक आहे का?"

"आहे की! भलंमोठं!"

"मग वास तुझा, पाव माझा!"

"कबूल!"

वारा उठला, सूं सूं सूं.
झाड हललं, सळ सळ सळ.
फळं पडली, टप टप टप.
घाणा फिरला, कर्र कर्र कर्र.
तेल आलं, ठिब ठिब ठिब.
आजीनं टोमॅटो काढला. कापला. पावावर चोळला, घस घस घस.
वर तेलाची धार. वर मीठ, चिमूटभर.
आणि पाव? मऊ मऊ मऊ!

खिडकीतून वारा आला. पोटभर वास घेतला आणि गावभर वाटत सुटला. मांजर आलं, कोंबडी आली, शेजारची पोरं आली.

"काय गं मीका? काय खातेस? कसं लागतं?"

मीका बोलणार कशी?

तिचं तोंड भरलं होतं!