गप्प राहण्याचा धडा

फार मागे, तळ्यांना अजून गावांची नावं मिळाली नव्हती तेव्हा, दाजीबा नावाचा एक बगळा होता. बायकोपोरांना शिकारीची गोडी लावायचीच, असं त्याच्या मनानं घेतलं. आयतं खायला सोकावलेली ती मंडळी एका पहाटे कुरकुरत तळ्यावर आली.

दाजीबा एका पायावर उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "शिकारीत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गप्प राहणं!" मग गप्प का राहायचं, कसं राहायचं, पोरांचे आजोबा किती गप्प राहायचे, हे तो ऊन डोक्यावर येईपर्यंत सांगत राहिला. कंटाळून पोरं केव्हाच आईमागून पलीकडच्या काठाला गेली होती. दाजीबाच्या चोचीला मात्र एकही मासा लागला नाही.

शेवटी तोही उपाशीपोटी पलीकडे गेला, तर पोरं ढेकर देत बसलेली.

"लागली ना गोडी? माझ्या शिकवण्याचा गुण!" तो मान फुगवून म्हणाला.

"तर हो," बायको म्हणाली. "अहो, तुम्ही तिकडे बोलत होतात, म्हणून तर सगळे मासे इकडे पळून आले."

तेवढ्यात धाकटं पोर लाडात येऊन त्याला बिलगलं. "बाबा, उद्यापण याल ना? पणजोबांचं सांगायचं राहिलंच की!"